गुळाचा डबा दाराबाहेर

इनामदार बाईंच्या पर्समध्ये पैसे कमी आणि साबण जास्त असे. कपडे धुवायच्या वडीचा तुकडा नव्हे, अंगाला लावायचा चांगला साबण, प्लास्टिकच्या डबीत नीट ठेवलेला. कुठंही गेल्या की पहिला प्रश्न, "नळ कुठंय?" आमच्या कारखान्याचा वॉचमन त्यांची रिक्षा वळताना दिसली की नमस्कार करायच्या आधी नळाकडे बोट दाखवायचा. कुणी चहाचा कप घ्यायला हात पुढे केला, सत्यनारायणाचा प्रसाद घेतला, विडी पेटवायला काडेपेटी काढली, की बाई दोनच शब्द बोलायच्या, "आधी हात."

हे त्या मालकांनाही म्हणायच्या आणि भट्टीवरच्या माणसालाही. आवाज तोच.

मी तेव्हा चाकणच्या रस्त्याला, कुरुळीच्या अलीकडे, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं गाळणाऱ्या एका कारखान्यात मॅनेजर होतो. ट्रकच्या, रिक्षांच्या, इन्व्हर्टरच्या मेलेल्या बॅटऱ्या एका दाराने आत यायच्या आणि शिशाच्या चकचकीत विटा दुसऱ्या दाराने बाहेर पडायच्या. मधल्या जागेत करडी, मऊ धूळ असायची. पावडरीसारखी. ती आम्हाला दिसायची, पण ती कुठं जाते हे आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

त्या कारखान्यातल्या न्हाणीला आज सगळे 'गोसावी न्हाणी' म्हणतात. गोसावी म्हणजे मी. मध्यंतरी राजगुरुनगरहून चार मंडळी घरी आली. या पट्ट्यातल्या कामगारांच्या पोरांना शिशापासून वाचवणारा पहिला माणूस म्हणून माझा सत्कार करायचा आहे, म्हणाली. शाल, श्रीफळ आणि माझ्याविषयी चार शब्द. ते चार शब्द कुणाविषयी असायला हवेत, हे मला एकट्याला माहीत आहे. इनामदार बाई गेल्या हिवाळ्यात वारल्या. म्हणून सत्काराला नकार कळवला आणि हे लिहायला बसलो.

नसीम इनामदार मूळच्या फलटणच्या. बुटक्या, सावळ्या, सुती साडीवर कॅनव्हासचे बूट घालणाऱ्या. शेडमध्ये शिरताना केसांना फडकं बांधायच्या आणि बाहेर पडताना ते उलटं घडी घालून पिशवीत ठेवायच्या. परदेशातल्या काही पैसेवाल्यांनी मिळून एक फंड काढला होता. गरीब देशांतल्या मुलांच्या अंगात शिसं जाऊ नये, एवढ्या एकाच कामाला तो फंड पैसे देई. कुठं द्यायचे, कशाला द्यायचे आणि ते कामी आले की नाही, हे पाहण्यासाठी आपल्या भागात त्यांनी बाईंना नेमलं होतं.

त्याआधी बरीच वर्षं त्या एका रंगाच्या कंपनीत प्रयोगशाळेत होत्या. ते का सोडलं, असं मी एकदा विचारलं.

"पिवळा रंग उजळ दिसावा म्हणून त्यात शिसं घालायचे. किती घातलंय ते मी रोज मोजायची," त्या म्हणाल्या. "एक दिवस शेजारचं रांगतं बाळ खिडकीला धरून उभं राहिलेलं दिसलं. गज चघळत होतं. गज पिवळा होता."

"मग मोजायचं सोडलंत?"

"छे. मोजते अजून. बाजू बदलली फक्त."

आमचे मालक परदेशी फंड म्हटल्यावर खूश झाले. त्यांना वाटलं, मोठं यंत्र येईल, धूर ओढून घेणारं, परदेशी बनावटीचं. बाई आल्या त्या दिवशी मालकांनी काजू मागवले होते. बाईंनी काजूंकडे पाहिलं, म्हणाल्या, "आधी शेड बघू. आणि शिफ्ट सुटताना काय करता, ते मला बघायचंय."

शिफ्ट सुटताना आमच्याकडे गूळ वाटायचे. धुळीचं काम असेल तिथे माणसाला गूळ द्यावा, गूळ धुळीला धरतो आणि पोटावाटे बाहेर काढतो, असं आमच्याकडे सगळेच मानत. मालकांच्या वडिलांनी ती प्रथा घातली होती आणि ती मी कधी मोडू दिली नाही. गूळ चांगला, पिवळाधमक, मार्केट यार्डातून आणलेला. भट्टीजवळच्या टेबलावर डबा उघडा असे. एकेक जण यायचा, हात पुढे करायचा आणि मी स्वतः खडा ठेवायचो. माणसांची काळजी घेणारा मॅनेजर म्हणून माझं नाव होतं ते या गुळामुळे. दिवाळीच्या बोनसपेक्षा त्या खड्याचं मला जास्त कौतुक होतं.

बाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. भागुजी पुढे आला. भागुजी जवळच्याच गावचा, भट्टीवरचा सगळ्यात जुना माणूस, तोंडाने फटकळ. त्याने खडा तोंडात टाकला आणि बोटं चाटली.

बाईंनी पिशवीतून एक कापसाची कांडी काढली. तिच्यात औषध असायचं, शिसं लागलं की ती गुलाबी व्हायची. त्यांनी भागुजीला विचारून ती त्याच्या तळहातावर फिरवली. कांडी गुलाबी झाली. मग डब्याच्या काठावर दुसरी फिरवली. तीही गुलाबी. तिसरी त्यांनी माझ्यापुढे धरली. मी हात दिला.

"गूळ धूळ बाहेर काढत नाही साहेब," त्या हळूच म्हणाल्या. "आत नेतो. याच्या हातावरची धूळ तोंडात जायला गुळापेक्षा चांगली वाट नाही."

मला राग आला. इतक्या वर्षांच्या प्रेमाला ही बाई एका कांडीने विष ठरवत होती. मी म्हणालो, "मग बंद करतो उद्यापासून."

"आन् का म्हून?" भागुजी उसळला. "आमचा गूळ बंद करायला ह्या कोन? मालकाच्या बापानं सुरू केलाय. गूळ बंद तर आमीबी बंद!"

मागे दहाबारा जण 'व्हय व्हय' करत उभे. मला वाटलं, आता बाई भाषण देणार. शिसं रक्तात कसं जातं, लहान मुलांच्या मेंदूला कसं पोचतं, ते सगळं. बाई हसल्या.

"गूळ कोण बंद करतंय भागुजीभाऊ? मला पण द्या एक खडा. पण इथं नको. इथं मला बसायला जागा नाही. डबा बाहेर नेऊ."

त्यांची सगळी योजना एवढीच होती, हे मला पुढे कळलं. फंडाच्या पैशातून त्यांनी शेड आणि फाटक यांच्यामध्ये एक न्हाणी बांधली. एका दाराने आत जायचं, कामाचे कपडे काढून टोपलीत टाकायचे, साबण लावून अंघोळ करायची, घरचे कपडे घालायचे आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडायचं. गुळाचा डबा त्या दुसऱ्या दाराच्या बाहेर. ज्याला गूळ हवा त्याला न्हाणीतून जायलाच लागायचं. कुणावर सक्ती नाही, दंड नाही, पाटी नाही. डबा फक्त जागेवरून हलला. पहिले काही दिवस भागुजी कुरकुरला, "गुळासाठी आंगूळ? लग्नाला निघालो का काय आमी?" पण गूळ त्याला हवाच होता. थोड्याच दिवसांत तो सगळ्यांत आधी न्हाणीत शिरू लागला आणि आत मोठ्याने गवळणी म्हणू लागला.

मी आयुष्यभर माणसं हाताळली. नोटिसा लावल्या, मेमो दिले, पगार कापले. माणसाची सवय तशीच ठेवून तिची फक्त जागा बदलायची, हे मला कधी सुचलं नव्हतं.

फंडाशी बाईंची भांडणं ऐकण्यासारखी असत. आमच्या ऑफिसात मोबाईलला रेंज चांगली होती, म्हणून त्या तिथून बोलत. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी.

एकदा फोन ठेवून त्या कपाळाला हात लावून बसल्या. "यंत्राला पैसे देतात, साबणाला देत नाहीत. म्हणतात, साबण संपतो. अहो, संपायलाच असतो तो! दोन जोडी कपडे, ते धुवायला बाई, तिचा पगार, थंडीत गरम पाणी. हे मागितलं की म्हणतात, यात नवीन काय आहे?"

मी म्हटलं, "त्यांचंही बरोबर आहे. दाखवायला काहीतरी हवं ना."

"तीच तर पंचाईत आहे. लहान मुलाच्या हृदयाचं ऑपरेशन केलं तर आईबाप रडतात, फोटो निघतो, देणाऱ्याला बरं वाटतं. माझ्या कामात सगळं नीट झालं तर काय होतं? काहीच होत नाही. मूल शाळेत जातं, पाढे पाठ करतं, भांडतं, घरी येतं. काहीच न होण्यासाठी मी पैसे मागत फिरते साहेब. कोण देणार?"

पण त्या मिळवायच्या. न्हाणीच्या उद्घाटनाला फंडाची माणसं आली, तेव्हा मालकांनी हौसेने संगमरवरी पाटी बसवली. त्यावर देणाऱ्यांची नावं. बाईंना ती पाटी आवडली नव्हती, पण त्या काही बोलल्या नाहीत. काही महिन्यांनी तीच माणसं पुन्हा आली, पाटीसमोर फोटो काढायला उभी राहिली. बाईंनी पिशवीतून कांडी काढली आणि पाटीवरच्या पहिल्या नावावरून फिरवली. गुलाबी.

"तुमच्या नावावर शिसं बसलंय," त्या म्हणाल्या. "वाऱ्याने धूळ इथवर येते. अंगण रोज ओल्या फडक्याने पुसायला माणूस लागेल. त्याचा पगार द्या, म्हणजे नाव पण स्वच्छ राहील."

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. मालकांचा चेहरा पडला. मग पाहुण्यांपैकी एक म्हाताऱ्या बाई खो खो हसल्या आणि पुसणाऱ्या माणसाचा पगार मंजूर झाला. नंतर ती पाटी बाईंनी काढून न्हाणीच्या आतल्या भिंतीवर बसवून घेतली. म्हणाल्या, "इथं रोज धुतली तरी जाईल."

आता मुलांकडे येतो. इथवर लिहिताना हात सुरळीत चालत होता.

आमच्याकडे दत्ता नावाचा तरुण मुलगा होता, परभणीकडचा. बायको सुमन आणि एक लहान मुलगी, परी. कुरुळीत एका खोलीत राहायचे. न्हाणी व्हायच्या आधी दत्ता कामाच्याच कपड्यांवर घरी जायचा आणि दारात परीला उचलून खांद्यावर घ्यायचा. सुमनने बाईंना सांगितलं, "बापाच्या खांद्यावर टाकल्याबिगर झोपतच नव्हती ओ लेकरू." बाईंनी तेव्हाचा एखादा शर्ट आहे का, विचारलं. सुमनने एक जुना, धुतलेला शर्ट काढून दिला. बाईंनी कांडी फिरवली. खिशावर फिकी. बाहीवर फिकी. डाव्या खांद्यावर, जिथे पोरीचं तोंड यायचं, तिथे शिवणीत गडद गुलाबी.

सुमन बघत राहिली. बाईंनी त्या शर्टाची घडी घातली, कांडी पिशवीत टाकली आणि तिच्याजवळ खाली बसल्या. एवढंच म्हणाल्या, "त्याने प्रेमच केलंय. त्याला हे असं सांगू नको. मी सांगेन."

परी चिडचिडी होती, शाळेत शिकवलेलं दुसऱ्या दिवशी विसरायची. बाईंना वाटलं, वस्तीतल्या सगळ्याच मुलांचं रक्त तपासायला हवं. किती मुलांच्या अंगात शिसं गेलंय हे कळल्याशिवाय फंड पुढचे पैसे देणार नव्हता आणि पुढचे पैसे म्हणजे बाकीच्या कारखान्यांतल्या न्हाण्या. त्या माझ्याकडे आल्या.

"मालकांना विचारल्याशिवाय करणार नाही. त्यांच्या कामगारांची पोरं आहेत. उद्या त्यांना वाटायला नको की पाठीमागून केलं."

मी म्हटलं, "विचारतो मी."

विचारलं नाही. दोनदा त्यांच्या केबिनच्या दारापर्यंत गेलो. मालक त्या वेळी एका मोठ्या कंपनीची ऑर्डर मिळवायच्या खटपटीत होते. मुलांच्या रक्ताची गोष्ट काढली तर ते भडकतील, याची मला खात्री होती. बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हणालो, "बोललोय मी. हो म्हणालेत. घ्या गुरुवारी." आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते.

त्या गुरुवारी कुरुळीच्या समाजमंदिरात नर्स बसल्या. मुलं रांगेत. दाराशी बादली, साबण आणि इनामदार बाई. "आधी हात. बोटावर धूळ राहिली तर रक्ताऐवजी धूळच मोजली जाईल." प्रत्येक मुलाचा हात त्यांनी स्वतः धुतला, बोटं एकेक करून, नखांच्या आतून. मुलं खिदळत होती. एकाने त्यांच्या तोंडावर पाणी उडवलं, बाईंनी त्याच्यावर उडवलं. मी दारात उभा राहून ते पाहिलं. इतकं मन लावून कुणाचे हात मी आयुष्यात धुतले नव्हते, माझ्या मुलांचेसुद्धा.

रिपोर्ट आले. वाईट होते. परीचा सगळ्यांत वाईट नव्हता, पण वाईट होता. वस्तीत रडारड झाली, काहीजणांनी काम सोडलं आणि गोष्ट त्या मोठ्या कंपनीच्या कानावर गेली. ऑर्डर अडकली. मालकांनी मला बोलावून विचारलं, "हे कुणाला विचारून झालं?" मी म्हटलं, "मला कल्पना नाही."

पुढच्या आठवड्यात मुंबईहून फंडाचा एक साहेब आला. मालकांच्या केबिनमध्ये आम्ही चौघे. मालक म्हणाले, "बाईंनी माझ्या नकळत माझ्या माणसांच्या पोरांचं रक्त काढलं. एक तर या जातील, नाहीतर उद्या न्हाणीला कुलूप लावतो आणि तुमची पाटी तुम्हाला परत."

साहेबाने बाईंकडे पाहिलं. "मॅडम, परवानगी घेतली नव्हती? आपला पहिला नियम आहे हा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वाट बघतो तसं. साहेबाने विचारलं, "गोसावी साहेब, तुम्हाला काही माहीत होतं?"

मी म्हणालो, "नाही."

पंखा फिरत होता. बाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "माझी चूक झाली. मी विचारायला हवं होतं. मी जाते. पण न्हाणी चालू राहील, असं शेठजींनी तुमच्यासमोर म्हणावं. आणि त्या मुलांवर पुढे लक्ष ठेवायचे पैसे थांबवू नका. त्यांची काही चूक नाही."

मालकांना बाई जायला हव्या होत्या, त्या जात होत्या. ते हो म्हणाले. साहेबही हो म्हणाला.

फाटकापर्यंत मी त्यांच्या मागे गेलो. त्या रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या. मी म्हटलं, "बाई, तुम्ही माझं नाव का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही घरी गेला असतात. मग पाण्यावर लक्ष कोणी ठेवलं असतं?" त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "फंडाची माणसं आज ना उद्या जातातच. मी पण गेलेच असते. तुम्ही इथं राहणार आहात. मला राहणारा माणूस हवा होता." रिक्षा आली. बसता बसता त्या म्हणाल्या, "थंडीत पाणी गरम लागतं. गार पाण्याने कोणी अंघोळ करत नाही, आणि मग गूळ पुन्हा आत जातो. तेवढं बघा."

तेवढं मी बघितलं. निवृत्त होईपर्यंत एक दिवस पाणी गार राहू दिलं नाही. हीटर बिघडला तर स्वतः दुकानात गेलो. मालकांनी साबण हलका आणला तेव्हा त्यांच्याशी भांडलो. आयुष्यात मालकांशी मी तेवढा एकदाच भांडलो. आजूबाजूच्या कारखान्यांनी आमची न्हाणी बघून आपापल्या बांधल्या, फंडाने त्यांना पैसे दिले आणि बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ती मी दाखवली. लोकांना वाटलं, हे सगळं माझं. दत्ताला नंतर मुलगा झाला. त्याचं रक्त तपासलं, स्वच्छ निघालं. परीचं जे नुकसान झालं ते पूर्ण भरून आलं नाही, पण वाढलंही नाही. ती आता शिवणकाम शिकते. सुमन मला पेढे द्यायला आली होती. मी घेतले.

बाईंना त्या फंडाने पुन्हा काम दिलं नाही. 'नियम मोडणारी' असा शिक्का बसल्यावर दुसऱ्या कुणीही दिलं नाही. वस्तीत वेगळीच गोष्ट पसरली. बाई एकाएकी का गेली, तर फंड खाऊन गेली. एकदा न्हाणीच्या दारात, गुळाचा खडा तोंडात घोळवत भागुजीने मला विचारलं, "साहेब, बाईनं खरंच पैसं खाल्लं का वो?"

मी म्हटलं, "कुणास ठाऊक."

भागुजी माझ्याकडे बघत राहिला. "माझा न्हाई इस्वास. जी बाई हात धुतल्याबिगर चहा घेत न्हाई, ती पैसं काय खाणार?" आणि तो गूळ चघळत फाटकाबाहेर गेला. केबिनमधल्या त्या 'नाही'पेक्षा हे 'कुणास ठाऊक' मला जास्त जड गेलं. तिथे निदान नोकरीची भीती होती. इथे कशाचीच नव्हती.

भागुजी आता नाही. दत्ता आणि सुमन आहेत. त्यांनी हे वाचावं. इनामदार बाईंनी एक पैसा खाल्ला नाही. परवानगी त्यांनी मागितली होती, ती मी दिली होती, खोटी दिली होती. न्हाणी त्यांची आहे. तिला माझ्या नावाने हाक मारू नका.

निवृत्तीनंतर मी मुलाकडे थेरगावात राहायला आलो. एकदा संध्याकाळी डांगे चौकाच्या बाजाराकडे निघालो होतो, तर रस्त्याच्या कडेला एक कल्हईवाला बसलेला दिसला. हल्ली दिसत नाहीत ते. भाता चालू, निखारे फुललेले, पितळेची पातेली ओळीने मांडलेली. आणि त्याच्यासमोर, उलट्या घातलेल्या बादलीवर, इनामदार बाई. पुष्कळ थकलेल्या. कॅनव्हासचे बूट तेच. कल्हईच्या कथलात स्वस्त पडतं म्हणून शिसं मिसळतात, ते मग आमटीत उतरतं. बाई त्याला शुद्ध कथील कुठं मिळतं ते सांगत होत्या. फंड नाही, नेमणूक नाही, रिक्षाभाडं द्यायला कोणी नाही.

"पण आपा, महाग पडतं ना," तो म्हणत होता.

"मग दर वाढव. मी आमच्या बिल्डिंगीतल्या सगळ्या बायकांना सांगते, शुद्ध कल्हई याच्याकडे. गिऱ्हाईक माझं, कथील तुझं."

मी एका हातगाडीच्या आड उभा राहिलो. निघून जावं असं वाटत होतं. त्यांनीच मला पाहिलं.

"गोसावी साहेब! पाणी चालू आहे?"

"आहे."

"थंडीत?"

"गरम."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला मान खाली घालावी लागली. त्यांनी मी कसा आहे ते विचारलं नाही, त्यांचं काय झालं ते सांगितलं नाही. पर्समधून कागदाची पुडी काढली. त्यात गूळ होता. "या, बसा. घ्या," म्हणाल्या. मी पटकन हात पुढे केला. इतक्या वर्षांनी जे बोलायचं होतं ते ओठांवर आलं होतं. "बाई, त्या दिवशी केबिनमध्ये मी..."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "आधी हात," म्हणाल्या आणि साबणाची डबी माझ्यापुढे धरली.

पलीकडे एका हॉटेलच्या बाहेर नळ होता. मी सावकाश हात धुतले. बोटं एकेक करून, नखांच्या आतून, त्या समाजमंदिराच्या दारात त्यांनी मुलांचे धुतले होते तसे. धुताना मनाशी वाक्य जुळवत होतो. ते जुळेना, म्हणून पुन्हा साबण लावला. परत आलो तर बादलीवर कुणी नव्हतं. गर्दीत बरंच लांब, चौकाच्या दिशेने, त्यांची पाठ दिसली. मी हाक मारली. रहदारीत ती त्यांच्यापर्यंत पोचली नाही.

कल्हईवाल्याने भाता थांबवला. पुडी त्याच्या गुडघ्याजवळ होती. ती देण्याआधी तो म्हणाला, "दाखवा."

"काय?"

"हात. आपा बोलून गेल्यात, धुतलेले असले तरच द्यायचा."

मी दोन्ही ओले हात त्याच्यासमोर धरले. त्याने ते निखाऱ्यांच्या उजेडात उलटसुलट बघितले आणि मग गूळ माझ्या तळहातावर ठेवला.